पत्र्याच्या पेटीतला वेताळ

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातले हे गाव कंधारकरांना शेजारचेच. तिथल्या घोड्यांच्या बाजारात सौदा कसा होतो, हे लहानपणापासून पाहिलेली माणसे या भागात पुष्कळ आहेत. घोडा कितीही देखणा असला तरी जाणते गिऱ्हाईक त्याच्या आयाळीवर भाळत नाही. ते आधी जबडा उघडून दात बघते, खूर उचलून बघते, चार पावले चालवून बघते. रंगरूपाची गोष्ट नंतर.

जुन्या कॉमिक्सचा दर्दी माणूसही असाच वागतो. त्याच्या हातात पन्नास वर्षांपूर्वीचा ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा मराठी अंक द्या. मुखपृष्ठावर वेताळ पांढऱ्या घोड्यावरून जंगल तुडवत निघालेला असतो, पण हा माणूस आधी त्याच्याकडे बघतच नाही. तो अंक आडवा धरून पाठीची घडी तपासतो. घडीवरच्या दोन पिना जागेवर आहेत का, त्यांना गंज चढला आहे का, गंजाचा तांबूस डाग आतल्या पानांत उतरला आहे का? मग तो बरोबर मधले पान उघडतो, कारण पिनेपासून आधी सुटते ते मधले जोडपानच. मग पाने मोजतो. कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेले नाव, दुकानाचा जांभळा शिक्का, कोड्याच्या चौकटीत भरलेली अक्षरे, जाहिरातीतून कातरून घेतलेले कूपन, सगळ्यावरून बोट फिरते. शेवटी अंक नाकाजवळ नेतो. ओल खाल्लेल्या कागदाचा वास लपत नाही. एवढे सगळे झाल्यावर तो मुखपृष्ठाकडे वळतो, आणि तेव्हा कुठे पन्नाशीतल्या त्या चेहऱ्यावर चौथी-पाचवीतला मुलगा दिसू लागतो.

हा अंक निघाला तेव्हा त्याची किंमत किरकोळ होती. आज चांगल्या स्थितीतल्या प्रतीसाठी संग्राहक छापील किमतीच्या कित्येक पट पैसे मोजतात. असे का होते, आणि कंधार-मुखेड-अहमदपूरच्या पट्ट्यातल्या एखाद्या माळ्यावरच्या पेटीचा त्याच्याशी काय संबंध, ही गोष्ट मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक काढला. पहिलीच कथा वेताळाच्या पट्ट्याची होती. पहिले ३२ अंक तर निव्वळ वेताळाचेच निघाले. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये जादूगार मॅन्ड्रेक आणि १९३६ मध्ये ‘फँटम’, म्हणजे आपला वेताळ, ही पात्रे वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्टीसाठी जन्माला घातली होती. ‘इंद्रजाल’ने ती इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांत आणली. पुढे फ्लॅश गॉर्डन आला, रिप किर्बी आला, बझ सॉयर आला. अंक आधी महिन्याला, मग पंधरवड्याला आणि १९८०च्या दशकात आठवड्याला येऊ लागला. एप्रिल १९९० मध्ये हा सगळा खेळ थांबला. तोवर ८०३ अंक निघाले होते, त्यांतल्या निम्म्याहून अधिक अंकांत वेताळ होता. संग्राहकांच्या यादीत मात्र ८०५ क्रमांक असतात. १२३ आणि १२४ हे दोन अंक छापलेच गेले नाहीत, कारण तेव्हा टाइम्समध्ये संप चालू होता. नवखे संग्राहक हे दोन अंक शोधत फिरतात आणि जुने लोक त्यांना प्रेमाने समजावून सांगतात की बाबा, जे जन्मलेच नाहीत ते सापडणार कुठून.

१९६४ हे साल मराठवाड्यासाठी साधे नव्हते. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. निजामाच्या राजवटीत वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चालायचे. कंधारच्या आजोबांच्या पिढीची सही उर्दूत असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. ‘इंद्रजाल’ हातात आलेली मुले ही त्या घरांतली पहिली पिढी होती, जिने पहिलीपासून मराठी शाळेत मराठी अक्षरे गिरवली. त्यांच्यापाशी पाठ्यपुस्तकाखेरीज मराठीत वाचायला फार काही नव्हते. ‘चांदोबा’ होता. घरात असली तर पोथी होती. त्यात हा रंगीत अंक आला, आणि पुष्कळांना भराभर वाचायची सवय त्याने लावली. चित्र बघून गोष्ट पुढे ढकलायची आणि अडलेला शब्द चित्रावरून ओळखायचा, हे शिक्षण कोणत्याही गुरुजींनी दिलेले नव्हते. भाषाशिक्षणाच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी होती.

मराठी आवृत्तीचे सर्वांत मोठे यश तिच्या एका शब्दात होते. ‘फँटम’ला मराठीत ‘वेताळ’ केले. ज्याने कुणी हे नाव निवडले त्याला महाराष्ट्राची माती ठाऊक होती. वेताळ म्हणजे नुसते भूत नव्हे. तो भुतांचा धनी, गावाच्या शिवेवर शेंदूर लावून बसलेला राखणदार. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे, गोव्यात आमोण्यासारख्या गावी तो ग्रामदैवत आहे, रात्री तो फेरीला निघतो ही समजूत कोकणापासून मराठवाड्यापर्यंत सगळीकडे आहे. ली फॉकचा नायकही तसाच: कवटीच्या गुहेत राहणारा, जंगलाची राखण करणारा, मरत नाही असे ज्याच्याबद्दल बोलले जाते तो. १५३६ पासून बापाकडून मुलाकडे मुखवटा चालत आला आहे आणि आताचा एकविसावा, हे गुपित फक्त वाचकाला ठाऊक. अमेरिकेतल्या मुलाला हा नायक परदेशी जंगलातला वाटत असेल. मराठी मुलाला तो वेशीवरचा वाटला. शिवाय ‘चांदोबा’त दर महिन्याला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ होताच. खांद्यावर बसून प्रश्न विचारणारा एक, आणि चोरांच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटवणारा दुसरा. मुलांनी दोघांना सुखाने एकत्र नांदवले.

कंधारला तर या नात्याचा दगडी पुरावा आहे. राष्ट्रकूटांच्या या जुन्या नगरीत क्षेत्रपालाच्या एका अजस्र मूर्तीचे तुटलेले अवयव सापडले आहेत. पाऊल आहे, गुडघा आहे, हाताचे भाग आहेत, आणि त्या एकेका तुकड्यावरूनच उभी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज बांधावा लागतो. क्षेत्रपाल म्हणजेही राखणदार. आपल्या गावाचा राखणदार माणसापेक्षा कैक पट मोठा असावा, ही इच्छा दहाव्या शतकातही होती. त्या पावलापाशी उभे राहिलेल्या आणि खंदकाने वेढलेल्या किल्ल्यात लपाछपी खेळलेल्या पोराला कवटीची गुहा फार लांबची वाटली नसणार.

भाषांतराबरोबर काटछाटही झाली. मूळ कथेतला बंगाला हा देश भारतीय वाचकाला बंगाल वाटू नये म्हणून ‘इंद्रजाल’मध्ये त्याचे डेंकाली झाले. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले, कारण तसे नाव असलेले समुद्री लुटारू इथे कुणाला रुचले नसते. वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींत येणारी काळी-पांढरी गोष्ट कापून, पुन्हा जुळवून, रंग भरून पानावर बसवली जाई. म्हणून अंक बारकाईने पाहिला तर एखाद्या चौकटीत पात्राचे डोके वरून कापलेले दिसते, किंवा एकच फुगा दोन ठिकाणी ओढलेला दिसतो. दर्दी मंडळींना या खुणाही प्रिय असतात.

आता आकाराची गोष्ट. जगभरात सध्या ज्या जुन्या कॉमिक्ससाठी चाळिशी-पन्नाशीतली माणसे हळवी होतात, त्यांत मोठ्या आकाराच्या कॉमिक्सचा मान वेगळा आहे. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत चित्रकथा आख्ख्या पानभर छापली जाई. ‘फँटम’ची अशी रविवारची मालिका मे १९३९ मध्ये सुरू झाली. १९३३ च्या सुमारास अमेरिकेतल्या ईस्टर्न कलर प्रिंटिंग कंपनीतल्या लोकांनी अशी पाने लहान करून, मोठ्या कागदाची घडी घालून, मध्ये पिना मारून पुस्तिका काढली. आजचा कॉमिक्सचा आकार या घडीतून आला. म्हणजे कॉमिक्स मुळात मोठेच होते. खपाच्या सोयीसाठी ते लहान झाले.

१९७२ नंतर डीसी आणि मार्व्हल या अमेरिकन कंपन्यांनी ते पुन्हा मोठे केले. साधारण १० इंच रुंद आणि साडेतेरा-चौदा इंच उंच, म्हणजे आपल्याकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरएवढे. १९७६ मध्ये याच आकारात सुपरमॅन आणि स्पायडरमॅन प्रथमच समोरासमोर आले. १९७८ मध्ये सुपरमॅन आणि मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांची लढत निघाली. नील ॲडम्सने काढलेल्या तिच्या मुखपृष्ठावर प्रेक्षकांत १७२ ओळखीचे चेहरे आहेत. किंमत अडीच डॉलर. नऊ वर्षांच्या मुलाने ते मांडीवर उघडले की मांडी संपते, पान संपत नाही. सगळी नजर त्या पानाने भरून जाते, बाजूचे घर दिसत नाही. मोठेपणी तोच अंक हातात घेतला तर तो तेवढा मोठा राहिलेला नसतो, आणि तरी माणसे तो विकत घेतात. त्या वेळी आपण केवढे होतो, याचे ते माप आहे.

हे मोठे अंक पुष्कळ छापले गेले, पण चांगल्या स्थितीत थोडेच उरले. दुकानातल्या कॉमिक्सच्या घोडीवर ते मावत नसत, म्हणून वाकवून ठेवले जात. घरी नेहमीच्या खोक्यात बसत नसत, म्हणून पलंगाखाली जात. कोपरे दुमडले, पाठ मोडली. मोठेपणच त्यांच्या मुळावर आले आणि त्यातूनच आजची टंचाई निर्माण झाली.

याच आकाराने एक फसवणूकही उघडी पाडली. १९३८ मध्ये निघालेल्या, सुपरमॅनचा जन्म झालेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची डीसीने १९७४ मध्ये मोठ्या आकारात हुबेहूब फेरछपाई केली. तिला वरून जाड वेष्टन होते. काही लबाडांनी वेष्टन काढून आतला अंक ‘मूळ प्रत’ म्हणून विकायला काढला. मुखपृष्ठ तेच, तारीख तीच, दहा सेंटची किंमतही तीच. पण मूळ अंक पावणेआठ इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच, तर ही प्रत दोन-तीन इंचांनी मोठी. एक फूटपट्टी लावली की खोटेपणा कळतो. तरीही फसणारे फसले, कारण लहानपणीची वस्तू दिसली की माणूस मापे घेत बसत नाही. त्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या एका खऱ्या प्रतीला एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलर मिळाले.

नोव्हेंबर २०२५ मधली बातमी तर पेटीवाल्यांच्या जिवाला चटका लावणारी आहे. कॅलिफोर्नियातल्या तीन भावांना दिवंगत आईच्या घराचा माळा आवरताना जुन्या वर्तमानपत्रांच्या खोक्यात १९३९ च्या ‘सुपरमॅन’चा पहिला अंक मिळाला. लिलावात तो ९१ लाख २० हजार डॉलरला गेला. तो इतका चांगला राहिला याचे एक कारण म्हणून तिथली थंड हवा सांगितली जाते. कागदाला थंडावा, अंधार आणि एकटेपणा मानवतो.

मराठवाड्यात यांतले काहीच नाही. ‘इंद्रजाल’चा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा. लाकडाच्या लगद्यातले लिग्निन त्यात राहिलेले असते. ऊन आणि हवा लागली की ते पिवळे, मग तपकिरी पडते, आणि कागदातले आम्ल त्याचे धागे तोडत राहते. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेल्या खोलीत हे काम झपाट्याने होते. त्यात जुनी घरे माळवदाची. माळवदावर दरवर्षी माती चोपडली नाही तर पहिल्या मोठ्या पावसाला ते गळते, आणि गळते ते नेमके कोपऱ्यातल्या पेटीवर. वाळवी आहे, कसर आहे, उंदीर आहेत. एवढ्यातून तगलेला अंक म्हणजे नवसाचे लेकरूच.

पण निसर्गाने जेवढे खाल्ले त्याहून अधिक वाचणाऱ्यांनी संपवले. कंधारला रेल्वे नाही. स्टेशनावरच्या पुस्तकांच्या स्टॉलसाठी नांदेड गाठावे लागे. तालुक्याच्या गावाला छापील जग यायचे ते एसटीच्या टपावरून, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांबरोबर. असल्या गावांत एक अंक एकाच मुलाने वाचला असे होत नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत किराणा किंवा सायकलच्या दुकानासमोर सुतळी बांधून तिच्यावर कॉमिक्स लटकवली जात आणि किरायाने दिली जात. तिथेच ओट्यावर बसून वाचायचे एवढे पैसे, घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत करायचे तर तेवढे. दुकानदार हुशार. अंक टिकावा म्हणून तो पाच-सहा अंक एकत्र घेई, दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवी, वर पुठ्ठा चिकटवी आणि कडा कापून सारख्या करी. त्या शिवणीत आतली अर्धी चौकट गडप होई. वेताळ काय म्हणाला ते वाचायला गठ्ठा दोन्ही हातांनी फाकवून धरावा लागे.

आज असा शिवलेला गठ्ठा सापडला की संग्राहक सुस्कारा टाकतो. भोके पडलेली, कडा कापलेली प्रत बाजाराच्या हिशेबाने बाद. खरे तर त्या गठ्ठ्याने निदान अंक वाचवले. सुटे अंक भजी आणि शेंगदाण्यांच्या पुड्या होऊन गेले. आणि गावातल्या कितीतरी मुलांचे हात ज्याच्यावरून गेले, अशा गठ्ठ्याचे मोल पैशांत कमी असेल, पण त्या गावाचा वाचनाचा इतिहास कोऱ्या प्रतीपेक्षा त्याच्यातच जास्त आहे. बाजार हे मान्य करत नाही. बाजाराचे इथे चुकते.

बाजार मोजतो काय? पहिल्यांदा क्रमांक: सुरुवातीचे अंक सर्वांत दुर्मीळ, पहिला तर कुणी हातातून सोडत नाही. दुसरे, स्थिती. अमेरिकेत २००० पासून व्यावसायिक संस्था कॉमिक्सला दहापैकी गुण देऊन ते प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतात. आपल्याकडे अजून माणसाच्या डोळ्यांवर आणि शब्दावर सौदा होतो. तिसरे, मुखपृष्ठ. ‘इंद्रजाल’ची सुरुवातीची मुखपृष्ठे गोविंद ब्रह्मनिया यांनी रंगवली. आतली चित्रे अमेरिकेहून आलेली, पण हा रंगवलेला वेताळ भारतीय हाताचा, त्यामुळे तो जगात इतरत्र मिळत नाही. परदेशातले फँटमचे चाहते त्यासाठीच हे अंक शोधतात, आणि असे चाहते थोडेथोडके नाहीत. ऑस्ट्रेलियात फ्र्यू ही संस्था १९४८ पासून, तर स्वीडनमध्ये ‘फँटोमेन’ १९५० पासून हा नायक छापत आली आहे.

चौथी गोष्ट भाषा, आणि इथे मराठी माणसाने कान टवकारावेत. इंग्रजी अंक शहरांतल्या घरांतून, पुस्तकांच्या कपाटांतून बऱ्यापैकी टिकले. मराठी अंक वाचले ते अशा मुलांनी, ज्यांच्या घरी पुस्तकाचे कपाट नव्हतेच. म्हणून मराठीतली पूर्ण माला जमवणे इंग्रजीपेक्षा अवघड आहे. असे अंक शोधणारी माणसे हैदराबादला गेली की रविवारी अबिड्सच्या फुटपाथवर जातात, मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालतात. क्रमांक जुळवताना एक घोळ हमखास होतो: ४४३ अंकांनंतर नुसता क्रमांक देणे थांबले आणि ‘वर्ष २०, अंक १’ अशी पद्धत आली. हे ठाऊक नसले की एकच अंक दोनदा घेतला जातो.

‘बहादूर’चे अंक मात्र मराठी संग्राहकांनी आजवर जेवढे जपायला हवे होते तेवढे जपलेले नाहीत. मुंबईचे लेखक-चित्रकार आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये हा नायक घडवला, चित्रे ब्रह्मनियांची. भगवा कुडता आणि खाली जीन्स, अंगात कसलीही जादुई शक्ती नाही. बाप डाकू, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून तो मेला त्यानेच वाढवलेला हा मुलगा. पुढे गावकऱ्यांना एकत्र करून तो नागरिक सुरक्षा दल उभारतो. दरोडेखोर, सावकार, तस्कर हे त्याचे शत्रू. वेताळाला जंगल होते. बहादूरच्या कथेत आपला देश होता. संग्राहकांच्या बाजारात वेताळाचा भाव वर आणि बहादूरचा खाली, पण हा नायक इथल्याच मातीतला. आपण ठेवला नाही तर तो कुणाकडेच राहणार नाही.

मराठी चित्रकारांचा हात या सगळ्या दुनियेत दूरवर पोचला होता. ‘इंद्रजाल’च्या घरातच काम केलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. तिच्यातला ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी ‘अमर चित्र कथा’तले कितीतरी अंक चितारले आणि १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सचा पहिला ‘नागराज’ही त्यांच्याच कुंचल्यातून उतरला. नव्वदच्या दशकात मराठवाड्यातल्या मुलांनी हिंदीतून नागराज वाचला तेव्हा तो सर्पमानव एका पुणेकराने काढला आहे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. ‘अमर चित्र कथा’ सतत पुन्हा छापली जाते, त्यामुळे तिच्या जुन्या प्रतींना भाव बेताचाच; ‘इंद्रजाल’ची त्या रूपात फेरछपाई झाली नाही, म्हणून तिची ओढ तीव्र.

जपणूक कशी करायची याचा नमुना मराठीत आहे. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले आणि पुढे त्याचे जुने अंक संगणकावर चढवून कुणालाही फुकट वाचता येतील असे ठेवले. बारूळ किंवा पेठवडजसारख्या गावातल्या मुलाला आज मोबाईलवर आपल्या बापाच्या लहानपणीचा ‘किशोर’ उघडता येतो. सरकारी संस्थेच्या हातून झालेले हे मोलाचे काम आहे. ‘इंद्रजाल’ला ते भाग्य नाही. वेताळ आणि मॅन्ड्रेकचे हक्क अमेरिकेच्या किंग फीचर्स सिंडिकेटकडे आहेत, मराठी मजकूर दुसऱ्याच घराचा, त्यामुळे कुणी सार्वजनिक संस्था ते सरळ उचलून मांडू शकत नाही. राहता राहिली छापील प्रत. ती ज्याच्या घरी आहे, तोच तिचा क्षेत्रपाल.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने गावोगाव सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली. नांदेड-लातूर भागात ती भरपूर आहेत. जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन करताना मुलांची जुनी मासिके आणि चित्रकथा सगळ्यांत आधी रद्दीत जातात, कारण त्यांना कुणी ग्रंथ मानलेच नाही. तालुक्याच्या एखाद्या ग्रंथालयाने एक कपाट वेगळे काढावे, ‘चांदोबा’, ‘किशोर’, ‘इंद्रजाल’ आणि तसले जे जे मिळेल ते त्यात ठेवावे, घरोघरी निरोप धाडावा. यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही. एक कपाट आणि एक वही पुरेशी आहे.

आणि घरात दसरा-दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरची पेटी रद्दीवाल्याच्या हवाली करण्याआधी एकदा उघडा. जुन्या वह्यांच्या तळाशी अंक सापडलेच तर ते उन्हात वाळत घालू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डाग कागदापेक्षा जास्त टिकतो. गंजलेल्या पिना ओढून काढू नका, शिवलेला गठ्ठा उसवू नका, वरचे नाव खोडू नका. पाने कोरड्या हाताने उलटा, अंक आडवे ठेवा, मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि वर स्वच्छ सुती कापड घाला. मग वहीत क्रमांक, कथेचे नाव आणि पहिल्या पानावर ज्या पोराने आपले नाव लिहिले आहे त्याचे नाव उतरवून घ्या. विकायचे की ठेवायचे ते नंतर ठरवा. आधी त्या पोराला, तो आता साठीचा झाला असेल तरी, बोलावून अंक दाखवा.